एक मिलिग्रॅम जमालगोटा

पीएमए हे प्रयोगशाळेतलं रसायन मागवताना खरेदीच्या टिपणात ‘मूळ स्रोत : जमालगोट्याचं तेल’ असं चुकूनही लिहू नका. मी हौसेने लिहिलं. खरेदी विभागाने फाइल परत पाठवली, कडेला लाल शाईत शेरा : ‘स्थानिक बाजारात उपलब्धता तपासून दरपत्रके जोडावीत.’

पेशींचं काहीच अडलं नव्हतं. पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून एचएल-६० पेशी आरामात आल्या. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एका ३६ वर्षांच्या ल्युकेमिया रुग्ण बाईच्या रक्तातून मिळालेला हा वाण, प्रौढ न होता नुसता वाढत राहणारा. पीएमए दिलं की पेशींमधलं प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम जागं होतं, निरोप ईआरके या प्रथिनापर्यंत जातो, आणि दोनेक दिवसांत पेशी वाढ सोडून मॅक्रोफेजसारख्या, म्हणजे तळाला चिकटून बसणाऱ्या भक्षक पेशींसारख्या होतात.

पण पीएमए हवं ना! अकरा आठवडे खरेदी विभागातल्या काकांच्या टेबलाशी उभी राहिले.

‘‘मॅडम, एक मिलिग्रॅमला एवढे पैसे? आकडा चुकलाय.’’

‘‘नाही काका. १६ नॅनोमोलर इतक्या पातळ प्रमाणाने यात पेशी वाढवायचं शंभर लिटर माध्यम होतं.’’

‘‘मग थोडं कमी मागवा.’’

तिसरं कोटेशन आलं, तर त्यावर शिक्का नव्हता. शिक्का आला, तर मार्चअखेर. आणि शेवटी कुपी आली ती रिकामी! म्हणजे दिसायला रिकामी. तळाशी काचेला चिकटलेला पातळसा थर. काका ती उजेडात धरून हलवत म्हणाले, ‘‘यात माल नाही, स्टॉकला नोंद कशी घेऊ?’’ गाईडची सही आणून नोंद करवली.

तोवर आठवड्यातून दोनदा पेशी पातळ करत बसल्याने त्या जुन्या झाल्या होत्या. सुरुवातीलाच काही कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या होत्या म्हणून वाचले. तुम्हीही ठेवा. हातमोजे विसरू नका, पीएमए कॅन्सरच्या गाठींच्या वाढीला चिथावतं. आणि हो, ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात, पण सव्वा टक्का डीएमएसओ एकटंच या पेशींना न्यूट्रोफिल या दुसऱ्याच पांढऱ्या पेशीच्या वाटेला लावतं. म्हणून प्रमाण अगदी कमी ठेवा आणि कंट्रोललाही (पीएमए न दिलेल्या पेशींनाही) तेवढंच घाला.

४८ तासांनी फ्लास्कला टिचकी मारली. पेशी हलेनात, तळाला घट्ट! शेजारच्या फ्लास्कात आधी यू-०१२६ हे रोधक घालून ईआरकेची वाट अडवली होती, तिथे बहुतेक पेशी तशाच तरंगत होत्या. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

बिल अजून निघालेलं नाही. सप्लायरचा फोन मी उचलत नाही.