मलाया बॅडमिंटन संघाची नोंदवही: पुरुष विभाग पूर्ण होत आला

अस्तंगत देशांच्या क्रीडासंघांच्या नोंदी ठेवणाऱ्यांचा ओढा बहुधा युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया किंवा पूर्व जर्मनीकडे असतो. मी मात्र मलाया निवडला, कारण १ फेब्रुवारी १९४८ रोजी संघराज्य म्हणून जन्मलेल्या आणि १६ सप्टेंबर १९६३ रोजी मलेशियात विलीन झालेल्या या छोट्या देशाने थॉमस करंडकाच्या, म्हणजे पुरुषांच्या जागतिक सांघिक बॅडमिंटनच्या, पहिल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. हे यश आज मलेशियाच्या खात्यावर सहज लिहिले जाते. ते मलायाच्या नावाने स्वतंत्रपणे मांडावे, एवढाच या नोंदवहीचा उद्देश आहे. पुरुष संघाच्या मुख्य लढतींचे तक्ते आता तयार आहेत.

सर्वाधिक वेळ गेला तो संघाची सीमा ठरवण्यात. राजकीयदृष्ट्या सिंगापूर १९४६ पासून ब्रिटिशांची वेगळी वसाहत होती, मलाया संघराज्याचा ती भाग नव्हती. बॅडमिंटनमध्ये मात्र सिंगापूरचे खेळाडू मलायाच्याच संघातून खेळत, आणि १९५२, १९५५ व १९५८ च्या निर्णायक लढती मलायाने यजमान म्हणून सिंगापूरमध्येच खेळल्या. त्यामुळे नकाशावरचा देश आणि कोर्टवरचा देश यांच्या सीमा जुळत नाहीत. वोंग पेंग सून जोहोर बारूचे, पण त्यांची कारकीर्द सिंगापूरमध्ये घडली. ऑंग पोह लिम यांचा जन्म सारावाकमधील कुचिंगचा, म्हणजे तेव्हाच्या मलायाच्या पूर्णपणे बाहेरचा, आणि तेही सिंगापूरकडून पुढे आले. ऊई तेइक हॉक, तेओ सेंग खून आणि चूंग बंधू हे पेनांगचे. हे सारे एका संघात उभे राहू शकले, कारण १९३४ मध्ये स्थापन झालेल्या मलाया बॅडमिंटन संघटनेची कक्षा संघराज्याच्या राजकीय सीमेपेक्षा मोठी होती. म्हणून मी नागरिकत्वाचा रकाना काढून टाकला आणि त्याऐवजी ‘जन्मस्थान’ व ‘कोणत्या प्रांताकडून खेळले’ असे दोन रकाने ठेवले. माझ्या मते या संघाची खरी घडण याच दोन रकान्यांत दिसते.

आता लढतींकडे येतो. आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष सर जॉर्ज थॉमस यांनी १९३९ मध्ये या करंडकाची कल्पना मांडली. महायुद्धामुळे प्रत्यक्ष स्पर्धा १९४८-४९ च्या हंगामापर्यंत लांबली आणि तीत दहा देश उतरले. मलायात जून १९४८ मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती, आणि त्याच अस्वस्थ काळात हा संघ ब्रिटनला गेला. ग्लासगो येथे त्यांनी अमेरिकेला ६-३ असे हरवले आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये प्रेस्टनच्या क्वीन्स हॉलमध्ये डेन्मार्कला ८-१ असे नमवून पहिला करंडक जिंकला. त्याच हंगामातील ऑल इंग्लंड या वैयक्तिक बॅडमिंटनमधील तेव्हाच्या सर्वात मानाच्या स्पर्धेत ऊई तेइक हॉक एकेरीच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या डेव्ह फ्रीमन यांच्याकडून पराभूत झाले, मात्र तेओ सेंग खून यांच्या साथीने त्यांनी दुहेरीचे विजेतेपद मिळवले. ज्यांना केवळ थॉमस करंडकाचा तक्ता करायचा आहे, त्यांनीही ही जोडनोंद ठेवावी असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण मलायाचे सांघिक यश आणि ऑल इंग्लंडमधील वैयक्तिक यश एकमेकांपासून तोडून वाचता येत नाही.

तक्त्याच्या मांडणीविषयी थोडे सविस्तर लिहितो. तेव्हाची प्रत्येक लढत नऊ सामन्यांची आणि दोन दिवसांची असे: पाच एकेरी आणि चार दुहेरी. दोन्ही संघांचे पहिले दोन एकेरी खेळाडू एकमेकांशी आलटून पालटून खेळत, म्हणजे तिथेच चार सामने होत. तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंचा एक सामना असे. आणि दोन-दोन दुहेरी जोड्या याच पद्धतीने उलटसुलट भिडत, त्याचे उरलेले चार. या रचनेत ज्याच्याकडे दोन अव्वल एकेरी खेळाडू आहेत, त्याला चार सामन्यांची आशा आधीच असते आणि लढत जिंकण्यासाठी आणखी एकच सामना लागतो. त्यामुळे निव्वळ ‘८-१’ किंवा ‘७-२’ असा निकाल लिहून भागत नाही. नऊ ओळींचा पट मांडला, तरच संघाचा भार कोणावर होता हे कळते. गुणांच्या बाबतीतही तीच काळजी घ्यावी लागते. त्या काळी गेम पंधरा गुणांचा होता, सर्व्हिस ज्याच्याकडे असेल त्यालाच गुण मिळे, आणि १४-१४ अशी बरोबरी झाल्यास आधी चौदावर पोहोचलेल्या खेळाडूला गेम तीन गुणांनी वाढवता येई. जुन्या कात्रणात १७-१४ असा आकडा दिसला, तर तो छापखान्याचा दोष समजून खोडू नये.

१९५२ मध्ये विजेता म्हणून मलायाला थेट अंतिम आव्हान-लढत खेळायची होती. ती सिंगापूरच्या गेलांग भागातील हॅपी वर्ल्ड या करमणूक उद्यानाच्या स्टेडियममध्ये झाली आणि मलायाने अमेरिकेवर ७-२ अशी मात केली. दुहेरीत ऑंग पोह लिम आणि इस्माईल मार्जान ही सिंगापूरची जोडी त्या काळात फार नावाजलेली होती. ऑंग यांची ‘मगर सर्व्हिस’ आजही जुने शौकीन आठवतात. त्याच वर्षी गिलेमार्ड रोडवर सिंगापूर बॅडमिंटन हॉल उभा राहिला. १९५५ ची लढत तिथे झाली आणि डेन्मार्क पुन्हा ८-१ असा हरला.

त्या १९५५ च्या संघापाशी मी बराच रेंगाळलो, कारण त्यात वोंग पेंग सून आणि एडी चूंग दोघेही होते. पस्तिशी ओलांडलेले वोंग आणि त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, चणीने बुटके, कोर्टभर उड्या घेत खेळणारे एडी, ही दोन पिढ्यांची जोडी विलक्षणच होती. ऑल इंग्लंडचे पुरुष एकेरीचे विजेतेपद वोंग यांनी १९५०, १९५१, १९५२ आणि १९५५ मध्ये, तर एडी यांनी १९५३, १९५४, १९५६ आणि १९५७ मध्ये मिळवले. सलग आठ वर्षे हे विजेतेपद मलायाबाहेर गेले नाही. एडी आणि त्यांचे बंधू डेव्हिड यांनी १९५१ ते १९५३ अशी सलग तीन वर्षे दुहेरीही जिंकली. एवढ्या लहान देशाचा असा दबदबा मला अन्य कोणत्याही नोंदवहीत आढळलेला नाही.

याच तक्त्यात आपल्याकडचा एक धागा येतो. १९५५ मध्ये भारत आंतरविभागीय अंतिम लढतीत डेन्मार्ककडून हरला. तो जिंकला असता, तर मलायाला आव्हान देणारा संघ भारताचा असता. पुढच्याच वर्षी सांगलीचे नंदू नाटेकर यांनी क्वालालंपूरमधील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. मलायाचा खेळ बहरात असताना त्याच भूमीवर मिळालेल्या या विजयाची किंमत मलायाच्या नोंदी उतरवल्यावर मला अधिक कळली.

३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाला आणि स्वतंत्र देश म्हणून पहिल्याच थॉमस करंडकात हरला. १९५८ मध्ये प्रथमच उतरलेल्या इंडोनेशियाने सिंगापूरमध्ये त्याला ६-३ असे पराभूत केले. फेरी सोनेव्हिल आणि तान जो हॉक हे दोन भक्कम एकेरी खेळाडू आता प्रतिस्पर्ध्याकडे होते, म्हणजे मलायाला ज्या रचनेचा लाभ होत आला होता तीच त्याच्यावर उलटली. १९५९ मध्ये लिम से हप आणि तेह क्यू सान यांनी ऑल इंग्लंडची दुहेरी जिंकली, पण करंडक मलायाच्या नावाने पुन्हा आला नाही.

सिंगापूर बॅडमिंटन हॉलची एक नोंद मी मुद्दाम वेगळ्या पानावर घेतली आहे. सिंगापूरने मलायात कोणत्या अटींवर विलीन व्हावे, यासाठी १ सप्टेंबर १९६२ रोजी सार्वमत झाले आणि त्याची मतमोजणी याच हॉलमध्ये झाली. बॅडमिंटनमध्ये जो प्रदेश वर्षानुवर्षे एक होता, तो १९६३ मध्ये राजकीयदृष्ट्याही एक झाला, आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर वेगळे होताच दोन्ही अर्थांनी दुभंगला.

१९६७ मध्ये जाकार्ता येथे मिळालेला करंडक मी मलेशियाच्याच वहीत ठेवला आहे. प्रेक्षकांच्या गोंधळामुळे ती लढत ४-३ वर थांबली आणि पुढे मलेशियाला ६-३ असा विजय बहाल झाला. तेह क्यू सान हे १९५८ च्या मलाया संघातही होते आणि या १९६७ च्या संघातही, म्हणून त्यांच्या नावापुढे दोन्ही वह्यांचे पृष्ठक्रमांक दिले आहेत. संघटनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे मलाया आणि मलेशिया या दोन्ही काळांत तीच राहिली असल्याने, कागदावरील वर्ष पाहिल्याखेरीज कोणतीही नोंद कोणत्याही वहीत चढवायची नाही, असा नियम मी केला आहे. महिला संघाचे तक्ते आणि १९६१ च्या हंगामातील लढतींचे पट हे यापुढचे काम आहे.