स्पीकर सहा, आवाज मात्र दोघांचाच

कॉम्प्युटर ४के टीव्हीला जोडला की चित्र बहुतेक वेळा पाच मिनिटांत येतं. अडतं ते आवाजापाशी. सहा स्पीकर जागच्या जागी लागलेले असतात, पिक्चर सुरू असतो, आणि मागच्या स्पीकरला कान लावला तर समोरचाच आवाज बारीक ऐकू येतो, नाहीतर काहीच नाही. दोष स्पीकरमध्ये क्वचितच असतो. कॉम्प्युटरपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेवर कुठंतरी सहा चॅनेलचे, म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठीच्या वेगळ्या आवाजांचे, दोन झालेले असतात. एकदा दोन झाले की पुढं कितीही महागाचं यंत्र लावा, मूळचे सहा परत येत नाहीत. जायकवाडीच्या कालव्याला वरच्या अंगाला भगदाड पडल्यावर टेलच्या शेतकऱ्यानं मोठी मोटर बसवून काय होणार? म्हणून आधी आवाजाची वाट ठरवा, केबल नंतर घ्या.

सगळ्यात आधी स्पीकरच्या संचाची पाठ बघा. ५.१ म्हणजे समोर डावा-उजवा, मध्ये सेंटर, कडेला किंवा मागं दोन सराउंड, आणि त्या ‘.१’चा वुफर. लातूरच्या गंजगोलाईत जा, नांदेडच्या वजिराबादला जा किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीवर, खोक्यावर मोठ्या अक्षरात ५.१ लिहिलेले संच मिळतातच. पण पाठीमागं फक्त लाल-पांढरी अशी दोनच भोकं असतील, आणि सोबत ब्लूटूथ व पेन ड्राइव्हची सोय असेल, तर त्या संचात आत शिरणारा आवाज दोन चॅनेलचाच आहे. आतलं सर्किट तोच आवाज पाच ठिकाणी वाटून देतं. ब्लूटूथनंही साधारणपणे दोनच चॅनेल येतात. गाण्यांना हे चालून जातं. पिक्चरमध्ये मागून येणारं हेलिकॉप्टर मात्र समोरच घरघरत राहतं. दुकानात एवढंच विचारा: “सहा पिनांचं इनपुट आहे का? नाहीतर एचडीएमआय किंवा ऑप्टिकल तरी?” तिन्हींपैकी एकही नसेल तर तो संच या कामाचा नाही.

सहा पिनांचा संच ही सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची वाट. डेस्कटॉपच्या मागं रंगीत जॅक असतात. हिरवा समोरच्या दोघांचा, काळा मागच्या दोघांचा, केशरी सेंटर आणि वुफरचा. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना (लाल-पांढऱ्या भोकांत बसतात तशा), अशा तीन केबल लागतात. मदरबोर्डला तीनच जॅक असतील तर घाबरू नका. विंडोजमध्ये ५.१ निवडलं की बहुतेक बोर्डांवर निळा जॅक मागच्या स्पीकरांचा होतो आणि गुलाबी जॅक सेंटर-वुफरचा. लॅपटॉपच्या एका हेडफोन जॅकमधून सहा चॅनेल निघत नाहीत. त्याला यूएसबीचं बाहेरचं साउंड कार्ड घ्यावं लागतं, आणि त्यावर स्पीकरसाठी किमान तीन वेगळे जॅक हवेत. ‘७.१ व्हर्च्युअल’ असं छापलेलं, दोन भोकांचं छोटं कार्ड मिळतं. ते हेडफोनमध्ये भास निर्माण करण्यापुरतं आहे, त्याच्यावर पैसे घालू नका.

जोडून झालं की कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड उघडा, प्लेबॅकमधला स्पीकर निवडा, कॉन्फिगर दाबा, ५.१ निवडा आणि टेस्ट करा. एकेक स्पीकर नावानिशी वाजला पाहिजे. सेंटरच्या वेळी वुफर घुमत असेल तर केशरी केबलच्या दोन आरसीए पिना आपसात बदला. ही चूक फार होते. मग पिक्चरमधले संवाद वुफरमधून गुरगुरल्यासारखे येतात आणि लोक संच परत करायला निघतात.

दुसरी वाट एव्ही रिसीव्हरची, म्हणजे चित्र-आवाज आत घेऊन स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरची. खर्च जास्त, पण काम चोख. कॉम्प्युटरची एचडीएमआय केबल रिसीव्हरच्या इनपुटला, रिसीव्हरच्या आउटमधून दुसरी केबल टीव्हीला. एचडीएमआयमधून सहा काय, आठ चॅनेलसुद्धा न दाबता (कॉम्प्रेस न करता), म्हणजे पीसीएम स्वरूपात, जातात. त्यामुळं पिक्चरबरोबर गेमचाही आवाज खरोखर सहा ठिकाणांहून येतो. घरात रिसीव्हर असेल तर दुसरा विचारच करू नये. अडचण जुन्या रिसीव्हरची. त्याची एचडीएमआय १.४ ची असेल तर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच पुढं जातं आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. शिवाय त्याला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) कळत नसेल तर ओटीटीवरचं ४के उघडतच नाही, कारण ही कुलूप-किल्ली साखळीतल्या प्रत्येक यंत्राला समजावी लागते.

माउस अडखळत असेल आणि ग्राफिक्स कार्डाला दोन पोर्ट असतील तर एक केबल सरळ टीव्हीला आणि दुसरी फक्त आवाजासाठी रिसीव्हरला द्या. विंडोज रिसीव्हरलाही एक पडदा समजतं, म्हणून डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘एक्स्टेंड’ ठेवा आणि तो नसलेला पडदा टीव्हीच्या चौकटीच्या अगदी कोपऱ्याला टेकवून ठेवा. कडेला ठेवलात तर माउस तिकडं निघून जातो आणि सापडत नाही.

तिसरी वाट सध्या सगळ्यात जास्त वापरात आहे आणि गोंधळही तिच्यातच जास्त. कॉम्प्युटर टीव्हीला, आणि टीव्हीच्या एआरसी (ऑडिओ रिटर्न चॅनेल, टीव्हीतून आवाज बाहेर नेणारी सोय) लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमधून साउंडबारला. इथं आवाज टीव्हीच्या पोटातून जातो. जोडल्या जोडल्या टीव्ही कॉम्प्युटरला स्वतःची ओळख सांगतो: माझा पडदा एवढा, मला आवाज असा चालतो. तिला ईडीआयडी म्हणतात. टीव्हीला स्वतःचे दोनच स्पीकर असल्यामुळं पुष्कळ टीव्ही ‘दोन चॅनेल पीसीएम, शिवाय डॉल्बी डिजिटल’ एवढंच सांगतात. (डॉल्बी डिजिटल म्हणजे सहा चॅनेल दाबून एकत्र बांधलेला आवाज.) मग विंडोजच्या कॉन्फिगरमध्ये ‘स्टिरिओ’ सोडून काही दिसत नाही. ड्रायव्हर पुन्हा टाका, विंडोज नव्यानं बसवा, काही फरक पडणार नाही. कॉम्प्युटर टीव्हीचं ऐकतोय, एवढंच.

यातून मार्ग असा. साधी एआरसी दोन चॅनेलचं पीसीएम किंवा दाबलेलं डॉल्बी नेऊ शकते, सहा चॅनेलचं पीसीएम नेऊ शकत नाही. पिक्चरच्या फाइलमध्ये डॉल्बी आधीच असतं, तेव्हा ते कॉम्प्युटरनं न उलगडता जसंच्या तसं पुढं पाठवायचं. व्हीएलसी किंवा कोडीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पासथ्रू’ सुरू करा, आणि टीव्हीच्या डिजिटल ऑडिओ आउटमध्ये ‘पीसीएम’ काढून ‘पासथ्रू’ किंवा ‘ऑटो’ ठेवा. ही दोन्ही बटणं जमली की साउंडबारवर डॉल्बी डिजिटल अशी अक्षरं येतात. फाइल डीटीएसची (डॉल्बीसारखाच दाबलेल्या आवाजाचा दुसरा प्रकार) असेल आणि एकदम शांतता पसरली तर समजा की टीव्ही डीटीएस पुढं सोडत नाही. मग प्लेअरमध्ये डीटीएसचा पासथ्रू बंद करा. आवाज येईल, दोन चॅनेलचा का होईना. गेमचा आवाज मात्र पीसीएम असतो, त्यामुळं साध्या एआरसीवर तो दोनच चॅनेल राहतो. टीव्ही आणि साउंडबार दोन्ही ईएआरसीचे (एआरसीची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) असतील तर तिची क्षमता सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट आहे. सहा चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट यांचा गुणाकार केला तर ७ मेगाबिटही होत नाही. म्हणजे ईएआरसीला हे सहज पेलतं. टीव्हीनं ओळख तेवढी नीट सांगायला हवी.

ऑप्टिकल केबलचं गणित साध्या एआरसीसारखंच. दोन चॅनेलचं पीसीएम, नाहीतर दाबलेलं ५.१. एक गुण मात्र तिचा मोठा. ती काचेसारख्या प्लॅस्टिकची, तिच्यातून वीज जात नाही. हे पुढं कामाला येईल.

आता चित्र. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके. विंडोजच्या यादीत काही टीव्ही ४०९६ गुणिले २१६० सुद्धा दाखवतात, तो आकडा घेऊ नका, चित्र दबतं किंवा कडेनं कापलं जातं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथं जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा, बघा. ३० दिसत असेल तर कारण चारांपैकी एक. केबल जुनी. टीव्हीचं ते पोर्ट साध्या स्वरूपात ठेवलेलं. त्याचं नाव एलजीमध्ये ‘डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ असं सापडेल, आणि ते त्या-त्या पोर्टसाठी वेगळं सुरू करावं लागतं. तिसरं, केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात खोचलेली. चौथं कारण कॉम्प्युटरच जुना असण्याचं: इंटेलच्या डेस्कटॉपमधल्या अंगभूत ग्राफिक्सला ११व्या पिढीपासून एचडीएमआय २.० आलं, त्याआधीच्या बहुतेक यंत्रांत १.४ आहे. अशा यंत्राला डिस्प्लेपोर्ट असेल तर ‘ॲक्टिव्ह’ प्रकारचा, ४के ६० हर्ट्झ लिहिलेला कन्व्हर्टर घ्या. लॅपटॉपच्या यूएसबी-सी भोकातून चित्र निघेलच असं नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह आहे का ते बघा, नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा.

केबल ५ मीटरपर्यंत असेल तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली साधी तांब्याची केबल ४के ६० हर्ट्झला पुरते. त्याहून लांब न्यायची तर आत फायबर असलेली ॲक्टिव्ह केबल घ्या. तिला दिशा असते, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक कॉम्प्युटरकडे. उलटी लावली तर पडदा काळाच राहतो. भिंतीत पाइपातून ओढण्याआधी एकदा जमिनीवर अंथरून चालवून बघा, नंतर प्लास्टर फोडायला लावू नका.

अक्षरं फिकट, काळ्यावरचं लाल लिखाण पसरल्यासारखं दिसत असेल तर टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतोय. टीव्हीत त्या इनपुटचं नाव किंवा चिन्ह ‘पीसी’ असं करा, आणि ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ४:४:४ किंवा आरजीबी निवडा. टास्कबार कडेखाली गेला असेल तर चित्राच्या आकारात ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा. सोफ्यावरून वाचायचं असेल तर विंडोजचं स्केल ३०० टक्के ठेवा, रिझोल्यूशन कमी करू नका.

ओठ आधी आणि आवाज नंतर, किंवा उलट, असं होतं तेव्हा पहिला संशय टीव्हीच्या चित्रसंस्कारावर घ्या. सहा पिनांच्या वाटेत आवाज लगेच पोचतो आणि टीव्ही चित्र घोळवत बसतो. गेम मोड लावा. तरी राहिलं तर व्हीएलसीत ‘K’ हे बटण दाबून आवाज मागं ढकला, एकदा दाबलं की ५० मिलिसेकंद. ‘J’ दाबलं की उलट.

स्पीकर मांडताना कोन महत्त्वाचे. बसणाऱ्याच्या नजरेच्या रेषेपासून समोरचे दोघं ३०-३० अंशांवर, सराउंड १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागं. दहा बाय बाराच्या खोलीत सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, तेव्हा सराउंड कडेच्या भिंतींवर, बसल्यावर कानाच्या फूटभर वर लावा, छताच्या कोपऱ्यात नको. वुफर कोपऱ्यात ठेवला की घुमतो. बसायच्या जागेवर तो ठेवून, आपण भिंतीच्या कडेनं फिरत जिथं आवाज सगळ्यात सपाट लागेल तिथं त्याला न्या. स्पीकरची लाल-काळी वायर एका बाजूची उलटी झाली तर खर्ज गायब होतो आणि गायक मध्यभागी सापडत नाही.

आपल्याकडच्या हॉलची खोड वेगळी. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, स्लॅब. टाळी वाजवली की झणझण. अशा खोलीत दहा हजारांचा संच आणि लाखाचा, दोघंही सारखेच कर्कश. खाली जाड सतरंजी, मागच्या भिंतीवर वाकळ किंवा घोंगडी, खिडकीला जाड पडदे. सेंटरचे संवाद लगेच मोकळे होतात. जुन्या माळवदाच्या घरात हा त्रास कमी, मातीच्या जाड भिंती आवाज पुष्कळ खातात.

आणि अर्थिंग. इथं हयगय करू नका. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून थोडी वीज नेहमी पत्र्यावर झिरपते आणि अर्थिंगमधून जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर तीच वीज एचडीएमआयच्या केबलीतून टीव्हीत आणि रिसीव्हरमध्ये वाट शोधते. केबल लावताना बोटाला मुंग्या येतात, आणि एखाद्या दिवशी पोर्ट जातं. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि असूनही नसल्यासारखा होतो. मार्च ते जून आठवड्याला बादलीभर पाणी तिथं ओता. पाणी टंचाईचं असेल तर भांडी धुतलेलं चालेल. तिसरी, अर्थिंगची पिन कापून दोन पिनांवर चालवू नका. सगळी यंत्रं एकाच तीन पिनांच्या बोर्डावर घ्या, केबल लावताना-काढताना सगळी बंद ठेवा.

वुफरमधून सतत ५० हर्ट्झचा घूं येत असेल तर टीव्हीची डिश किंवा केबलची वायर काढून बघा. थांबला तर जमिनीच्या दोन वाटा भांडतायत. तिथं ऑप्टिकल केबल लावली की घूं मुळातच तुटतो.

लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर आधी सुरू होतो, टीव्ही नंतर, आणि विंडोज आवाज मॉनिटरच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरकडं वळवून मोकळं होतं. क्रम टीव्ही, रिसीव्हर, मग कॉम्प्युटर असा ठेवा. मृगाआधी आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की बटण बंद करून भागत नाही. सगळ्या पिना बोर्डातून उपसा, डिशची वायर आणि इंटरनेटची वायरसुद्धा. आकाशातली वीज या वायरींच्या वाटेनंही आत येते.