बाविसाव्या आठवड्यातला इको

ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव नीट आहेत ना ते बघायची सोनोग्राफी, झाला, पोटावरचं जेल पुसून झालं, फाइल पिशवीत गेली. आम्ही लिफ्टचं बटण दाबलं, तेवढ्यात रिसेप्शनवरच्या मुलीनं हाक मारली. "मॅडमनी दोन मिनिटं आत बोलावलंय." त्या पंधरा-वीस पावलांत पोटात काय गोळा येतो, ते आयव्हीएफमधून गेलेल्या कुणाला वेगळं सांगायला नको. आमच्या अनुभवात परत बोलावलं की बातमी चांगली नसते.

डॉक्टर शांत होत्या. म्हणाल्या, "घाबरू नका, काही सापडलेलं नाही. हृदयाचे चारही कप्पे छान दिसले. पण बाळ सगळा वेळ पाठ वर करून होतं, त्यामुळे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या मला हव्या तेवढ्या स्पष्ट मिळाल्या नाहीत. त्यात तुमची आयव्हीएफची प्रेग्नन्सी आहे. फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्यायचा विचार करा. सक्ती नाही."

'करा' म्हणाल्या असत्या तर मी केला असता. 'गरज नाही' म्हणाल्या असत्या तर सुटले असते. 'विचार करा' या दोन शब्दांनी माझे पुढचे बारा दिवस खाल्ले, आणि त्या बारा दिवसांबद्दलच लिहायचं आहे. कारण तेव्हा मी मराठीत शोधत होते, कुणीतरी हे सगळं सरळ सांगितलेलं मिळेल म्हणून.

नवरा पार्किंगमध्येच म्हणाला, "करून टाकू की." मी नको म्हटलं. त्याला नवल वाटलं, कारण आमच्या घरात तपासण्यांच्या बाजूनं नेहमी मीच असते.

माझं नको म्हणणं कुठून आलं ते सांगते. मी सदतीस वर्षांची आहे आणि हे आमचं तिसरं ट्रान्सफर, म्हणजे बाहेर तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडायची तिसरी वेळ. दुसऱ्या वेळी आम्ही ज्या क्लिनिकमध्ये होतो, तिथे प्रत्येक भेटीत एक छापील कागद पुढे यायचा. त्यावर जास्तीच्या गोष्टींची यादी, शेजारी चौकोन, आणि "हेही करून घेतलं तर चान्स वाढेल" एवढं एकच वाक्य. मी सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. गर्भाशयाच्या अस्तराला आधीच्या महिन्यात मुद्दाम ओरखडा काढायचा, म्हणजे गर्भ चांगला रुजतो, असंही त्यात होतं. दुखलं, पैसे गेले, आणि ते ट्रान्सफरही गेलं. मोठ्या चाचण्यांमध्ये त्या ओरखड्याचा काही फायदा दिसलेला नाही, हे मी नंतर वाचलं. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्यामुळे 'जास्तीचं' हा शब्द आला की माझा हात आता आपोआप मागे येतो. हा इको त्याच यादीतला आणखी एक चौकोन आहे की खरंच कामाचा आहे, एवढंच मला ठरवायचं होतं.

मी नऱ्ह्याला एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. कारखान्यांतले मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज आमच्याकडे तपासायला येतात. खोलीचं तापमान २० अंश ठेवायचं, आलेलं साधन रात्रभर त्याच खोलीत ठेवून तिथल्या तापमानावर येऊ द्यायचं, आणि मग मोजायचं. या कामात एक प्रश्न आधी विचारावा लागतो, की हे माप घेऊन तुम्ही करणार काय आहात? त्यावर किती बारीक मोजायचं ते ठरतं. मी हा प्रश्न गिऱ्हाइकांना रोज विचारते, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र तो मला सुचला नाही. तो विचारला सासूबाईंनी.

आई या सगळ्याच्या विरोधात होत्या. पाचव्या महिन्यातली चोरओटीसुद्धा त्यांनी दार लावून, शेजारी न सांगता भरली होती. त्या म्हणाल्या, "अगं, किती वेळा बघायचं त्या लेकराला? सुखानं वाढू दे की." आणि मग भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, "बरं, केलीत तपासणी. काही निघालं तर काय करणार आहात तुम्ही?"

मला उत्तर देता आलं नाही. मी आत जाऊन एका कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिहिले आणि पुढच्या भेटीत आमच्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांपुढे ठेवले.

पहिला प्रश्न, मला खरंच जास्त धोका आहे का? त्यांनी आकडे सांगितले. जन्मणाऱ्या दर १००० बाळांपैकी साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. आयव्हीएफच्या गरोदरपणात हे प्रमाण थोडं वाढलेलं आढळतं, पण ते १०० मागे १ च्या आसपासच राहतं. त्या वाढीत उपचारांचा वाटा किती, जुळ्यांचा किती, आणि ज्या कारणानं आयव्हीएफ करावं लागलं त्याचा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये फीटल इको कुणाला करावा याच्या यादीत आयव्हीएफ घेतलं. तिथल्याच सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिननं २०२२ मध्ये म्हटलं की अशा गरोदरपणात हा इको करण्याचा पर्याय द्यावा, पण ही शिफारस त्यांनी स्वतःच कमी जोराची ठरवली आहे. "म्हणून मीही सक्ती नाही म्हणते," डॉक्टर म्हणाल्या. मला हे फार आवडलं. चान्स वाढेल, धोका टळेल असलं काही न बोलता समोरच्या बाईनं किती ठाऊक आहे तेवढंच सांगितलं, असं गेल्या चार वर्षांत क्वचित झालं होतं.

दुसरा प्रश्न, स्कॅनमध्ये हृदय पाहिलं, मग इकोत वेगळं काय? त्यांनी माझ्याच कागदाच्या मागे चित्र काढलं. हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात, एक शरीराकडे आणि एक फुप्फुसांकडे. निघताना त्या एकमेकींना ओलांडून जायला हव्यात. काही बाळांत त्यांची अदलाबदल झालेली असते आणि मग त्या शेजारी शेजारी समांतर जातात. पोटात असेपर्यंत बाळाला याचा काही त्रास नसतो. प्राणवायू नाळेतून मिळत असतो, बाळ छान वाढतं, वजन भरतं, आणि चारही कप्पे स्कॅनमध्ये नीट दिसू शकतात. खरी अडचण जन्मानंतर सुरू होते, काही तासांत, फार तर काही दिवसांत.

तिसरा प्रश्न आईंचा होता, त्यांच्याच शब्दांत लिहिलेला. काही निघालं तर काय करणार?

डॉक्टर म्हणाल्या, "असा दोष आधी कळला तर बाळंतपण कुठे करायचं ते बदलतं. जिथे लहान मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची सोय आहे, तिथे. जन्मल्या जन्मल्या ठिबकातून औषध सुरू करता येतं, म्हणजे बाळाच्या हृदयाजवळची एक वाट, जी एरवी बंद होते, ती शस्त्रक्रियेपर्यंत उघडी राहते. आधी कळलं नाही तर निळं पडलेलं बाळ घेऊन रात्री ॲम्ब्युलन्स शोधावी लागते."

आम्ही नाव घातलंय ते प्रसूतिगृह घरापासून दहा मिनिटांवर आहे, स्वच्छ आहे, माणसं मायाळू आहेत. पण तिथे लहान मुलांच्या हृदयाचं काहीही नाही. म्हणजे या मापावर खरोखर काहीतरी ठरणार होतं. यादीतल्या त्या चौकोनांपैकी एकाबद्दलही मला असं म्हणता आलं नव्हतं.

राहिला तो अवघड भाग. त्या संध्याकाळी राजाराम पुलाजवळ गाडी अडकली होती, काच वर होती, आणि तिथे आम्ही दोघं पहिल्यांदा मोकळेपणानं बोललो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं, गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. आयव्हीएफमध्ये तारखांचा अंदाज नसतो. पाच दिवसांचा गर्भ आत सोडला त्याच दुपारी मी हिशेबानं दोन आठवडे पाच दिवसांची गरोदर होते. त्यामुळे माझे आठवडे अगदी नेमके माहीत होते, आणि ते पुढे सरकत होते. दुरुस्त होण्यासारखं काही निघालं तर आपण दुरुस्त करू, त्यासाठी घर गहाण ठेवावं लागलं तरी, हे दोघांनी एका दमात सांगितलं. दुरुस्त न होणारं निघालं तर? तो म्हणाला, "तेव्हा तू म्हणशील ते." मी म्हटलं, "नको, हे माझ्या एकटीवर टाकू नकोस." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "बरं. दोघं मिळून." यापलीकडे आम्ही काही ठरवू शकलो नाही. पण तेवढं बोललो नसतो तर मी त्या टेबलावर आडवी झाले नसते.

इको २२ व्या आठवड्यात झाला. टिळक रस्त्याच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. आधी फॉर्म एफ, त्यावर सही, की मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. भिंतीवर तो नेहमीचा फलक. इकोला साडेतीन हजार. आई बरोबर आल्या होत्या, न बोलावता.

तिथल्या डॉक्टरांनी दिवा मालवला आणि शोधायला सुरुवात केली. बाळ पुन्हा पाठ वर करून! पंधरा मिनिटं त्यांनी सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "बाहेर जा, फिरा, काहीतरी खा, अर्ध्या तासानं या." आईंनी पर्समधून डबी काढली. राजगिऱ्याचे दोन लाडू होते. फुटपाथवर झाडाच्या सावलीत उभं राहून मी ते खाल्ले. आई पोटाकडे बघून हळूच म्हणाल्या, "वळ रे बाळा आता."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते वळलं होतं. पडद्यावर निळा-लाल रंग आला तेव्हा मी घाबरून विचारलं, निळं म्हणजे अशुद्ध रक्त का? डॉक्टर म्हणाले, नाही, प्रोबच्या, म्हणजे पोटावर फिरवायच्या या यंत्राच्या, दिशेनं येणारं रक्त लाल दिसतं, दूर जाणारं निळं, एवढंच. मग त्यांनी मनगट अगदी थोडं, दाण्याएवढं, तिरकं केलं. एक वाहिनी दिसली, वर जाणारी. पुन्हा तेवढंच तिरकं. दुसरी आली, पहिलीला आडवी ओलांडून गेली. मी कागदावरचं चित्र पाठ केलं होतं, त्यामुळे ते बोलायच्या आत मला कळलं. तरी त्यांनी चित्र थांबवलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा. क्रॉस होतायत." अख्खं हृदय माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं, आणि त्यात ती फुली.

रिपोर्टमध्ये सगळं नॉर्मल आहे. सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की अगदी लहान छिद्रं आणि महाधमनीचा काही प्रकारचा अरुंदपणा या तपासणीत निसटू शकतो, आणि जन्माआधी उघड्याच असणाऱ्या वाटा नंतर बंद होतील की नाही हे आत्ता सांगता येत नाही. आमच्या सर्टिफिकेटवरही खाली अशी ओळ असते, मापात किती अनिश्चितता आहे ते सांगणारी. गिऱ्हाइकं ती वाचत नाहीत, आणि मी फोन करून वाचायला लावते. ही ओळ मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली, दोनदा. ती होती म्हणून वरच्या 'नॉर्मल'वर माझा विश्वास बसला.

ज्यांना ॲनॉमली स्कॅनमध्ये सगळं स्पष्ट दिसलंय, जवळ मोठं रुग्णालय आहे, त्यांनी हा इको केला नाही तर मला त्यात काही चुकीचं वाटणार नाही. माझ्याकडे दोन अर्धवट दिसलेल्या वाहिन्या होत्या आणि हृदयाची सोय नसलेलं प्रसूतिगृह होतं.

निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. जन्मानंतर २४ तास झाले की बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून बघायला सांगा. सुई नाही, दोन मिनिटांचं काम, आणि काही निसटलं असेल तर त्यात कळू शकतं.

आता ३१ वा आठवडा आहे. बाळंतपणाच्या बॅगेची यादी फ्रिजवर लावली आहे. त्यात मी 'पल्स ऑक्स, २४ तास' असं लिहिलं होतं. आईंनी परवा ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे मला कळेल असं लिही. तू तेव्हा टाके सांभाळत पडलेली असशील, सांगायचं मलाच आहे." मग त्यांनीच माझ्या हातातलं पेन घेतलं. आता तिथे त्यांच्या अक्षरात आहे: दुसऱ्या दिवशी उजवा हात, एक पाय. डॉक्टरांना आठवण – आजी.