वाघाचा रकाना रिकामा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्यात माझ्या नोकरीबद्दल एकच प्रश्न असे: "काय गं, दिसला का वाघ?" 2021च्या हिवाळ्यात व्याघ्रगणनेसाठी जवळच्या चोरल वनक्षेत्रात काम करायला लागले तेव्हा, खरं सांगायचं तर, मीही मनात हाच प्रश्न घेऊन निघत होते.

पहाटे साडेचारला स्कूटी काढायची. सिमरोलचा घाट उतरताना बोटं गोठायची आणि तेवढ्या पहाटे पोह्यांची एकही टपरी उघडलेली नसायची. नाक्यावर वनरक्षक वाट बघत उभे. त्यांना सगळं जंगल 'नाकेदार साहब' म्हणतं, मीही तेच म्हणू लागले.

काम ऐकायला सोपं. प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, तीन दिवस, रोज निदान पाच किलोमीटर चालायचं आणि मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधायच्या: पंजे, विष्ठा, जमिनीवर पायांनी उकरलेलं, झाडावर ओढलेली नखं. वाटा मात्र माणसाच्या सोयीच्या नव्हेत. जिथून बिबट्या किंवा वाघ जाईल ते नाले, पायवाटा आणि कच्चे रस्ते निवडायचे. मोबाइलमधलं ॲप आपली वाट नोंदवत राहतं आणि खूण दिसली की तिथेच फोटो काढायचा. घरी बसून फॉर्म भरायची सोय नाही.

पुस्तकातून आलेली माझी अक्कल पहिल्याच दिवशी उघडी पडली. वाळून पांढरी झालेली विष्ठा मी बिबट्याची म्हणून उत्साहानं दाखवली. नाकेदार साहब हसले, "मैडम, लकड़बग्घा है." तरस हाडं चावून खातो, त्यातल्या चुन्यानं विष्ठा पांढरी पडते. पंजांचंही तसंच. तरसाची नखं मातीत उमटतात, मांजरकुळातले प्राणी मात्र नखं आत ओढून चालतात. हे मला पाठ होतं, पण पाठ असणं आणि उकिडवं बसून ओळखणं यांत बराच फरक आहे.

तिसऱ्या दिवशी नाल्याच्या ओल्या वाळूत एक पंजा सापडला. चांगला रुंद. माझी छाती धडधडायला लागली. नाकेदार साहब वाकले, बघितलं आणि हळूच म्हणाले, "शेर लिख दो. बीट की पूछ हो जाएगी." इकडे शेर म्हणजे वाघच.

त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. जिथे वाघ, तिथे गाडी, माणसं, लक्ष. ते मात्र सायकलवर बीट फिरत होते. पण ओल्या वाळूत पंजा पसरतो. म्हणून आम्ही तीच वाट धरून पुढे गेलो. शंभरेक पावलांवर कोरड्या, घट्ट धुळीत त्याच जनावराचे ठसे मिळाले आणि ते पुष्कळ लहान होते. मोठा नर बिबट्या. मी बिबट्या लिहिलं. वाघाचा रकाना तीनही दिवस रिकामाच राहिला.

परतताना मला राजस्थानातलं सरिस्काचं जंगल आठवत होतं. पूर्वी काचेवर पंजे गिरवून वाघ मोजत. त्या पद्धतीत तिथे कागदावर वाघ होते. 2005मध्ये नीट शोध घेतल्यावर एकही नाही हे उघड झालं. त्यानंतरच गणनेची ही नवी रीत आली. शून्य लिहायला शाई कमी लागते, हिंमत जास्त.

पुढचे तीन दिवस ट्रान्सेक्ट. जंगलातून दोन किलोमीटरची सरळ रेघ, सूर्य उगवताच चालायची. प्राणी दिसला की किती, किती अंतरावर आणि कोणत्या कोनात, हे टिपायचं. लांबचे प्राणी नजरेतून सुटतात, त्याचा हिशोब या अंतरांवरूनच लागतो. सरळ म्हणजे सरळ. मध्ये घाणेरीचं रान आलं तरी वळसा नाही. नीलगाय, लंगूर, मोर दिसले. बाकी ओरखडे. परतताना दर चारशे मीटरवर थांबून झाडझुडूप आणि तृणभक्षींच्या लेंड्या मोजायच्या. संध्याकाळी आईनं माझ्या हातांवरचे काटे काढता काढता विचारलं, "एमएस्सी होऊन लेंड्या मोजतेस?" हो म्हणाले. काय सांगणार? जिथे लेंड्या नाहीत तिथे वाघ खाणार काय?

मग 2023च्या मे महिन्यात इंदूरजवळच्या महूच्या आर्मी वॉर कॉलेजच्या आवारात वाघ कॅमेऱ्यात आला. पेपरात बातमी छापून आली त्या सकाळी समोरच्या काकू पेपर हातात घेऊनच दारात उभ्या राहिल्या.

"तू तर म्हणाली होतीस, वाघ नाही!"

"काकू, त्या वाटेवर, त्या तीन दिवसांत खूण नव्हती, एवढंच म्हणाले होते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "हिला विचारून काही उपयोग नाही," म्हणाल्या आणि पेपर घेऊन पुढच्या घरी गेल्या.