फुटलेल्या टेललाइटला पावसाळी ठिगळ

गाडी मागे घेताना चिऱ्याच्या गडग्याला लागली की आधी फुटते ती टेललाइटची काच. काच म्हणायचं, असतं ते प्लास्टिक. नवा दिवा तालुक्याला हाताशी असेलच असं नाही. कधी मागवावा लागतो. तोवर गाडी चालवायची तर ठिगळ लावावं, पण ते कशासाठी हे कळून लावावं. भोकातून पांढरा उजेड मागे गेला तर आंबोलीच्या धुक्यात मागच्याला वाटतं, ही गाडी रिव्हर्स येतेय, नाहीतर समोरून येतेय. पाणी आत जाणं हे त्याच्या नंतरचं दुखणं.

स्टेशनरीच्या दुकानातली लाल पारदर्शक प्लास्टिकची फाइल आणि रुंद पारदर्शक टेप, एवढ्यावर काम होतं. लाल लेन्स-रिपेअर टेप मिळाली तर उत्तमच. आकाशकंदिलाचा जिलेटीन कागद नको, दमट हवेत तो सुरकुततो आणि पहिल्या सरीत लोळागोळा होतो. लाल इन्सुलेशन टेप तर अजिबात नको. दिसायला लाल, पण उजेड अडवते. दिवा लागलेला असून नसल्यासारखा. बल्बलाच लाल नेलपॉलिश लावणारेही आहेत. २१ वॅटचा बल्ब इतका तापतो की ते करपून काळं पडतं.

गाडी पडवीत किंवा शेडमध्ये घ्या. ओल्या प्लास्टिकवर कुठलीच टेप धरत नाही. तांबडी माती साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं पुसा, मग स्पिरिट किंवा सॅनिटायझरचा बोळा फिरवा. पार्किंग लाइट दहा मिनिटं लावून ठेवले की आतली वाफ बरीचशी निघून जाते. फाइलचा तुकडा भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा कापा आणि कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपराच आधी उचकटतो. टेपच्या पट्ट्या खालून वर लावत जा, वरची पट्टी खालचीवर चढलेली. कौलं शाकारतात तसंच. चमच्याच्या पाठीने दाबून हवा काढा. दिव्याच्या तळाला पाणी निघायचं बारीक भोक असेल तर ते बुजवू नका, नाहीतर आत साचलेलं पाणी होल्डर खातं. इंडिकेटर आणि रिव्हर्सच्या भागावर लाल चढू देऊ नका.

तडा बारीक असेल तर काही जण फेविक्विक ओततात. त्याने प्लास्टिकवर पांढरी साय धरते. तड्यावर नुसती पारदर्शक टेप पुरते.

काच शाबूत पण दिवा लागत नाही, असं असेल तर आधी बल्ब बघा. बऱ्याच गाड्यांत टेल आणि ब्रेकला मिळून एकच, पी२१/५डब्ल्यू, दोन फिलामेंटचा बल्ब असतो: ५ वॅट टेलला, २१ ब्रेकला. त्याच्या दोन खुंट्या कमीजास्त उंचीवर असतात. उलटा घुसवला तर टेल भगभगीत आणि ब्रेक मंद लागतो, म्हणून जोर करू नका. रिव्हर्सचा बल्ब काढून इथे लावायचा विचारही सोडा, त्याच्या खुंट्या वेगळ्या.

किनाऱ्यावर मात्र बल्बपेक्षा होल्डर जास्त वेळा दगा देतो. खाऱ्या हवेने पितळेवर हिरवं कीट चढतं आणि अर्थिंग जातं. खूण सोपी: ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणतो किंवा टेलचा उजेड उतरतो. स्विच बंद करून पॉलिश पेपरने होल्डर घासा आणि बल्बच्या बुडाला पेट्रोलियम जेलीचा हलका हात लावा. तरीही नाही सुधारलं तर होल्डरच्या अर्थच्या वायरीतून एक वायर काढून बॉडीच्या बोल्टखाली आवळा. बोल्टखालचा रंग खरवडल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

दोन्ही ब्रेकलाइट, गाडीच्या मागच्या काचेवरचा तिसराही, एकदम गेले तर मागे काही शोधू नका. फ्यूज, नाहीतर पेडलवरचा ब्रेक स्विच. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली की आज दिवा लागतो, उद्या वायरिंग जळतं.

एलईडीचा सीलबंद दिवा असेल तर ठिगळ फक्त फुटक्या काचेला चालतं. आतली एलईडीची पट्टी गेली की नवा दिवा घेण्यावाचून दुसरा उपाय नाही. त्या रात्री निघावंच लागलं तर सायकलचा लाल दिवा, लुकलुकता नव्हे, स्थिर लावून, मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात आतून चिकटवा. तो टेलचं काम करतो, ब्रेकचं नाही. हॅझार्ड लावून घाट उतरू नका, वळणाचा इशारा त्यात हरवतो.

निघायच्या आधी गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबा आणि आरशात बघा. दोन्हीकडचा लाल उजेड भिंतीवर सारखा पडायला हवा. टेपची कड रोज बघा. उचकटलेली कड पुन्हा दाबून बसत नाही, नवीच पट्टी लावायची.