फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह: गाडी रस्त्यावर ‘उभी’ करताना

फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह म्हणजे जवळची आणि लांबची वस्तू एका रेषेत आणून आकाराचा भास निर्माण करणं. तळहातावर उभा माणूस, चिमटीत धरलेला सूर्य हे सगळं करून झालं. सध्या डोक्यात एकच आहे: १:१८ प्रमाणाची डायकास्ट (ओतीव धातूची छोटी) गाडी खऱ्या रस्त्यावर उभी आहे असं वाटायला लावायचं, तेही एडिटिंगमध्ये काहीही न चिकटवता. फळीवर माती पसरून गाडी ठेवायची, मागे खरा रस्ता.

आकाराचं गणित सोपं. वस्तू अठरापट लहान, म्हणून ती अठरापट जवळ. लेन्सपासून १ मीटरवरचं मॉडेल १८ मीटरवरच्या खऱ्या गाडीएवढंच दिसतं. एवढं जमूनही फोटोत गाडी ‘ठेवलेली’ दिसायची. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र), उजेड, रंग सगळं बदलून पाहिलं, पण खरी मेख होती कॅमेऱ्याच्या उंचीत.

जे प्रमाण अंतराला, तेच उंचीला. लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर फळीपासून ती दीड मीटर भागिले १८, म्हणजे साधारण ८.३ सेंटिमीटरच वर हवी. मग मॉडेलची चाकं जिथे टेकतात ती जागा आणि १८ मीटरवरचा रस्ता लेन्समधून एकाच रेषेत येतात. लेन्स तिथेच ठेवून फळी १५ सेंटिमीटर खाली नेली, तर चाकं १० मीटरवरच्या रस्त्यावर टेकल्यासारखी दिसतात. आकार मात्र तोच राहतो, त्यामुळे साडेचार मीटरची गाडी अडीच मीटरची भासते आणि बघणारा लगेच ‘खेळणं’ म्हणतो. फळी फार वर आली तर उलट, गाडी राक्षसी होते. मागचा रस्ता सपाट हवा हे ओघानं आलंच. चढ असेल तर आकडे सोडून डोळ्यानेच जुळवावं लागतं. जुळवताना एक डोळा मिटायचा, कारण दोन डोळ्यांना खोली कळते, कॅमेऱ्याला नाही.

तळहातावरच्या माणसालाही हाच हिशेब. माणूस १० मीटरवर, हात ६० सेंटिमीटरवर, कॅमेरा दीड मीटर उंच असेल तर तळहात लेन्सच्या ९ सेंटिमीटर खाली. म्हणजे ‘थोडा वर, थोडा खाली’ असं ओरडत बसायला नको.

१:४३ च्या मॉडेलला ही उंची साडेतीन सेंटिमीटरवर येते. तिथे फोन बरा. तो उलटा धरला की वरच्या कडेची लेन्स थेट फळीशी येते. पोर्ट्रेट मोड अर्थातच बंद, पार्श्वभूमी धूसर झाली की खेळ संपला.

फोकसबद्दल थोडक्यात: फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या) सेन्सरवर २४ मिमी लेन्स आणि एफ/१६ ॲपर्चरला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की जवळपासून अनंतापर्यंत जास्तीत जास्त स्पष्ट येतं) सुमारे १.२ मीटर येतं, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट. एफ/२२ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) अख्खा फोटो मऊ पडतो, मी तिकडे जात नाही. फोकस स्टॅकिंगही (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) नको. फोकस सरकताना चौकट किंचित लहानमोठी होते आणि नेमकी चाकांच्या कडेलाच गडबड दिसते. मॉडेल बनवून त्यांचे फोटो काढणारे मायकल पॉल स्मिथ यांनी ‘एल्जिन पार्क’ हे आपलं काल्पनिक गाव १:२४ च्या गाड्या खऱ्या झाडाघरांपुढे मांडून टिपलं, आणि तेही साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याने. छोट्या सेन्सरची जास्त डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणारी खोली) इथे उपयोगीच पडते.

फळीवरची माती त्याच रस्त्याकडेची घेतो आणि चाळून घेतो, नाहीतर एकेक खडा टायरएवढा दिसतो. पाणी मात्र चाळता येत नाही! टपावरचा एक थेंब अख्खं सोंग उघडं पाडतो, त्यामुळे ओल्या रस्त्याची हौस तूर्त बाजूला. फळीची मागची कड रस्त्याच्या एखाद्या पट्ट्यावर किंवा सावलीच्या रेषेवर आणली की ती शोधूनही सापडत नाही.

आता व्हिडिओत पॅन करून, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवून बघतोय. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरला की गाडी रस्त्यावरून घसरते. तो लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलभोवती (पुढून बघताना लेन्सचं छिद्र जिथे दिसतं त्या जागेभोवती) फिरायला हवा. त्यासाठी एक काठी जवळ, एक लांब, अशा एकामागे एक उभ्या केल्या आणि पॅन करताना त्या एकमेकींपासून सुटेनाशा होईपर्यंत कॅमेरा रेलवर मागे सरकवत नेला. झूम लेन्समध्ये फोकल लेंग्थ बदलली की हा बिंदूही हलतो, म्हणून रिंग २४ मिमीवर टेप लावून पक्की केली आहे.