सातच्या पोटातली रेघ

दुपारपासून तो सात डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

डॉक्टरांनी बीपी सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवायला सांगितलं तेव्हा बँकेची जुनी लाल डायरी काढली आणि उभ्या रेघा मारल्या. बीपी, झोप, चहा, पावलं. चिनू फोनवर म्हणाली, ‘मनालाही एक रकाना ठेव ना, दहापैकी मार्क दे.’ ठेवला. उद्या दाखवायला जायचंय म्हणून आज पानं उलटत होते. चार, पाच, चार, तीन, पाच. आणि गुरुवारी सात.

तो गुरुवार. आक्काचा.

अख्ख्या महिन्यात एवढे मार्क दुसऱ्या कुठल्याच दिवसाला नाहीत. यांना दाखवलं तर चष्मा वर करून म्हणाले, ‘इंग्रजी एक असेल गं तो, घाईत शेंडी लांबली असेल.’ भला माणूस. पण मी २७ वर्षं कॅश काउंटरला काढली आहेत. एकाचा सात वाचला गेला की संध्याकाळी हिशेब जुळत नाही, म्हणून माझ्या सातच्या पोटात आडवी रेघ असतेच. इथेही आहे. चांगली ठळक.

मग बाकीचे रकाने बघितले, ते बघायला नको होते. बीपी १२४/७८. त्याआधीच्या पंधरा दिवसांत वरचा आकडा एकदाही १४० च्या खाली नव्हता. त्या रात्रीची झोप साडेसात तास. आपलीच बहीण गेली त्या रात्री साडेसात तास!

आठवतंय मला. बाहेर माणसं बसली होती, शेजारून पिठलं-भात आला होता, आणि मी आत जाऊन दंडाला पट्टा बांधला. सवयीने. पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात उशीवर, आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. आठ महिन्यांत ती पाच मिनिटं मला सलग कधी मिळाली नव्हती. पट्टा फुगायच्या आत हाक यायचीच, ‘अगं, जरा कूस वळव.’ त्या दिवशी कुणी हाक मारली नाही. आणि मी मनाला सात दिले.

म्हणजे मला बरं वाटलं? की काहीच वाटलं नाही आणि त्यालाच मी सात समजले? शून्य लिहायला हवं होतं का? आठ महिने माझं बीपी कुणी विचारलं नाही, मिरजेच्या खेपा कुणी मोजल्या नाहीत. दादाबद्दल तर मी लिहिणारच नाही. आणि आता मीच माझ्यावर ऑडिट लावून बसले आहे.

आकड्यांचं हे असंच. ते दहा हजार पावलांचं सुद्धा म्हणे कुणा डॉक्टरने ठरवलेलं नव्हतं. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. आणि आम्ही सोसायटीतल्या बायका रात्री साडेनऊला पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारून ते पुरे करतो.

सात खोडून टाकावा असं वाटलं. पण बँकेत गिरवागिरवी चालत नाही. एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा, बाजूला सही. रेघ मारायला पेन उघडलं आणि वर काय लिहायचं तेच कळेना. दोन? तीन? आक्का असती तर मेथीच्या जुडीसारखा भाव केला असता. ‘सात फार होतात, पाच लाव. आणि वर कोथिंबीर दे.’ हसूच आलं. एकटीच हसले, डायरी मांडीवर घेऊन. पेन मिटलं. सात आहे तसाच आहे, उद्या डॉक्टर बघतील तर बघोत. ते बहुतेक फक्त १२४ बघतील आणि ‘छान’ म्हणतील.

आज १३८/९०. मिनिटभर थांबून परत घेतलं तर १३४/८८. दुसराच तेवढा लिहावा असा मोह झाला, पण दोन्ही लिहिले. झोप पाच तास, चहा चार, पावलं ३,११२. मनाच्या रकान्यावर पेन टेकवलंय तेवढ्यात आतून हाक आलीच, ‘अगं, दूध उतू चाललंय!’